क्रेफिशची कात आणि गोव्यातलं हलकं पाणी

अ‍ॅक्वापोनिक्सच्या टाकीत, म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर जलचर आणि भाजी दोन्ही वाढवतात तिथे, क्रेफिश मेलेला सापडतो तेव्हा बऱ्याचदा तो एका ठरावीक अवस्थेत असतो. जुनं कवच पाठीवर उकललेलं, अंग अर्धं बाहेर आणि अर्धं आत. मालकाला वाटतं रोग आला. मग औषधाची शोधाशोध सुरू होते, कुणीतरी सुचवलेलं काहीतरी पाण्यात पडतं आणि उरलेलेही जातात. खरं तर त्या जिवाला रोग झालेलाच नसतो. त्याला कात टाकायची होती आणि त्यासाठी लागणारं सामान पाण्यात नव्हतं.

गोव्यात हा धोका जास्त, कारण आपली बरीचशी जमीन जांभ्याची. जांभ्यातून झिरपून विहिरीत उतरणारं पाणी नितळ आणि चवीला गोड असतं, त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला भरपूर फेस येतो. पण ते हलकं असतं, म्हणजे त्यात चुन्याचा (कॅल्शियमचा) अंश फार थोडा असतो आणि बहुतेकदा ते किंचित आम्लधर्मी असतं. भाजीला ते चालतं, बऱ्याच माशांनाही चालतं. क्रेफिशला मात्र चालत नाही. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ पाण्यातल्या चुन्यावर घालवणार आहे.

आधी थोडी ओळख. क्रेफिश हा शेवंडाच्या गोतातला, पण गोड्या पाण्यात राहणारा आणि पुढे दोन भक्कम नांग्या असलेला प्राणी. उष्ण प्रदेशांत पाळला जातो तो मुख्यतः रेडक्लॉ, शास्त्रीय नाव चेरॅक्स क्वाड्रिकॅरिनॅटस. मूळचा उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या दक्षिण भागातला. पाणी २४ ते ३० अंश सेल्सिअस असलं की तो झपाट्याने वाढतो, त्यामुळे तापमानाच्या बाबतीत गोवा त्याला मानवतो.

पण टाकी बांधण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भारतात क्रेफिशची एकही मूळ जात नाही. तो आपल्याकडे परदेशी जीव आहे आणि परदेशी जलचर देशात आणायला, वाढवायला सरकारी परवानगी लागते. शोभेच्या माशांच्या दुकानात पिल्लं मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. पणजीच्या मत्स्योद्योग खात्यात आधी विचारावं, जुन्या गोव्यात एला येथे असलेल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञांशीही बोलावं. ही नुसती कागदी अडचण नाही. युरोपात १८६० च्या सुमाराला 'क्रेफिश प्लेग' नावाची साथ सुरू झाली. बुरशीसारखा तो रोगजंतू अमेरिकन क्रेफिशबरोबर आला आणि त्याने तिथल्या स्थानिक जाती नदीमागून नदीत संपवल्या. गोड्या पाण्यातल्या काही खेकड्यांनाही त्याची लागण होते हे आता सिद्ध झालं आहे. संगमरवरी क्रेफिश नावाची जात तर सगळी माद्यांचीच. नराशिवाय पिल्लं होतात, त्यामुळे सुटलेली एक मादी पुरते. मादागास्करमध्ये ती अशीच पसरली. म्हादई आणि खांडेपारच्या खोऱ्यांतले ओहोळ, तिथल्या गोड्या पाण्यातल्या कुर्ल्या हे सगळं आपलं आहे आणि ते जपायची जबाबदारी टाकी ठेवणाऱ्याची आहे. टाकीतलं पाणी ओहोळात सोडू नये, निचऱ्याच्या तोंडाला बारीक जाळी असावी आणि नकोसा झालेला जीव कधीही बाहेर सोडू नये.

परवानगी नसेल तर गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी घ्यावी. मॅक्रोब्रॅकियम रोझनबर्गी ही आपल्याच देशातली जात आहे. पुढे कवच, चुना, तांबं आणि आसरा यांबद्दल जे लिहिलं आहे ते जवळजवळ सगळं तिलाही लागू पडतं.

कात टाकताना काय होतं

कवच ताणलं जात नाही. अंग वाढलं की जुनं कवच टाकून नवं करावंच लागतं. लहान पिल्लं काही दिवसांनी कात टाकतात, मोठे वर्षातून मोजक्या वेळा. तयारी आधीपासून चालू असते. जुन्या कवचातलं काही कॅल्शियम शरीर परत ओढून घेतं आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या, एका बाजूने चपट्या खड्यांच्या रूपात साठवतं. आत नवं, मऊ कवच तयार होत असतं. या काळात क्रेफिश खाणं कमी करतो किंवा सोडतो, कोपरा धरतो, त्याचा रंग मळकट दिसू लागतो.

मग एके रात्री पाठ आणि शेपटी यांच्या सांध्यात फट पडते. तो एका कुशीवर कलंडतो. नवखा माणूस इथेच घाबरून त्याला सरळ करायला हात घालतो. तसं अजिबात करू नये. थोड्या थोड्या वेळाने अंगाला झटके देत तो आधी डोकं मागे खेचतो, मग पाय आणि नांग्या. नांगीचा मांसल भाग त्या मानाने फारच अरुंद सांध्यातून बाहेर काढायचा असतो, म्हणून पाय किंवा नांगी अडकते ती बहुधा याच टप्प्यावर. मिशा, डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांवरचा पापुद्रा, इतकंच काय, जठराचं आतलं अस्तरही जुन्या कवचाबरोबर निघून येतं. धडधाकट जनावराचं हे काम काही मिनिटांत उरकतं. शेवटी शेपटीचा एक जोरदार फटका आणि तो बाहेर. मागे राहिलेलं कवच पारदर्शक आणि पोकळ असतं, पण आकार इतका हुबेहूब की पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक क्रेफिश मेला असंच वाटतं.

बाहेर आलेला जीव पाणी शोषून फुगतो, कारण कवच मऊ आहे तोवरच आकार वाढवून घ्यायचा असतो. जठरातले ते दोन खडे आता विरघळतात आणि त्यांतल्या कॅल्शियमने तोंडाचे अवयव लवकर टणक होतात, म्हणजे खाता येतं. पण खड्यांमधून एकूण गरजेचा थोडाच भाग भागतो. बाकीचं कॅल्शियम तो कल्ल्यांवाटे पाण्यातून ओढतो आणि काही टाकलेलं कवच खाऊन परत मिळवतो. म्हणून ती कात टाकीतून काढून फेकू नये. दोन-तीन दिवसांत तो ती बरीचशी संपवतो.

आता पाण्यात कॅल्शियमच नसेल तर? कवच दिवसेंदिवस मऊ राहतं, अंगातला क्षारांचा तोल बिघडतो, दुसरे क्रेफिश त्याला फाडतात. कधी जुनं कवच नीट सुटतच नाही आणि तो मधेच अडकून मरतो. प्राणवायू कमी पडला, खाद्य निकृष्ट असलं किंवा ऐन वेळी अर्ध्याहून जास्त पाणी बदललं तरी असंच होऊ शकतं. पण गोव्यात पहिला संशय पाण्यावर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी आंबट का होत जातं

अ‍ॅक्वापोनिक्सची गंमत अशी की टाकीतला जीव घाण करतो आणि ती घाण झाडाचं खत होते. मधे काम करतात जिवाणू. प्राण्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, आणि तांबडी भाजी, पालक, अळू त्यावर पोसतात. नव्या टाकीत हे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. त्याआधी क्रेफिश सोडणं म्हणजे त्याला विषात सोडणं.

पण या कामात आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पाण्यातली क्षारता खातं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना साधारण ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. क्षारता म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, आणि ती असते भाताच्या कणगीसारखी. रोज थोडं थोडं काढलं तर बाहेरून काही कळत नाही. तळ दिसतो त्या दिवशी एकदम अडचण होते.

आकडे घालून बघू. समजा १००० लिटर पाणी आहे आणि क्षारता लिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण साठा फक्त ३० ग्रॅम. रोज ५० ग्रॅम खाद्य घातलं आणि त्यात ३२ टक्के प्रथिनं असली, तर त्यातून दीड ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन निघतो. तो पचवायला दहा ग्रॅमच्या वर क्षारता जाते. हिशेबाने तीन दिवसांत साठा संपला! झाडं नायट्रेट शोषताना काही भरपाई करतात, म्हणून प्रत्यक्षात जास्त दिवस निघतात, पण दिशा बदलत नाही. साठा संपला की पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, घसरतो (जितका कमी तितकं आंबट), ६ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. क्रेफिशचं कवच तर त्याच्या बरंच आधीपासून झिजू लागलेलं असतं.

म्हणून पीएच मोजून थांबू नये, क्षारता आणि कठीणपणाही (विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम) मोजावा. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांची किट मिळतात. त्यांवर क्षारतेसाठी केएच आणि कठीणपणासाठी जीएच असं लिहिलेलं असतं. किटवरचा एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. दोन्ही आकडे ६ अंशांच्या आसपास, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या वर असावेत. पीएच ७ ते ७.५ ठेवावा. झाडांना याहून आंबट पाणी आवडतं, क्रेफिशला आणि जिवाणूंना याहून थोडं क्षारधर्मी, तेव्हा ही सगळ्यांच्या सोयीची तडजोड आहे. यात झाडांची नवी पानं पिवळी पडली तर ती लोहाची कमतरता समजावी आणि डीटीपीए चिलेटेड लोह (झाडांना शोषता येईल असं विरघळून राहणारं लोह) द्यावं.

चुना वाढवायचा उपाय गोव्यात घरोघरी फेकला जातो. तिसऱ्या, खुबे, कालवं यांचे शिंपले. मसाला लागलेले नकोत. मांस काढून झाल्यावर शिंपले उकळावे, ब्रशने घासावे, कडक उन्हात वाळवावे आणि जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडावे. हा चुरा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून, जिथे पाणी जोरात पडतं तिथे टांगावा, म्हणजे झाडांच्या वाफ्यातून टाकीत परतणाऱ्या नळाखाली. साचलेल्या पाण्यात नुसती पिशवी ठेवून फार उपयोग होत नाही. शिंपल्यांचा मोठा गुण असा की पाणी आंबट झालं की ते विरघळतात आणि पीएच साडेसात-आठकडे गेला की विरघळणं जवळजवळ थांबतं. त्यामुळे जास्त झाल्याची भीती नाही. पिशवीवर बुळबुळीत थर बसला की धुवावी, चुरा निम्मा झाला की भर घालावी.

याच कारणासाठी कळीचा चुना किंवा विरवलेला चुना थेट टाकीत घालायला माझा विरोध आहे. तो पीएच तासाभरात वर नेतो, आणि अमोनियाचं विष पीएचवर अवलंबून असतं. २८ अंश तापमानाला, पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा शेकडा एकाहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९ ला चाळीस टक्क्यांच्या. म्हणजे काल ज्या पाण्यात क्रेफिश जगत होता, त्याच पाण्यात आज तो मरतो, फक्त चुन्याच्या एका मुठीने. घाईने काही करायचंच असेल तर खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने, दोन-तीन दिवसांत विभागून द्यावा. मात्र त्यातून कॅल्शियम मिळत नाही आणि सोडियम झाडांना सोसत नाही, म्हणून ती सवय करू नये.

तांबं आणि डासांचा धूर

क्रेफिशचं रक्त आपल्यासारखं लाल नसतं. प्राणवायू वाहून नेणाऱ्या त्याच्या रक्तद्रव्यात लोहाऐवजी तांबं असतं. तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला अगदी थोड्या प्रमाणात घातक ठरतं, कारण ते कल्ल्यांवर घाव घालतं. पाणी हलकं असेल तर आणखीनच.

आपल्याकडे तांबं कुठून येईल याचा विचार टाकी मांडतानाच करावा. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात रात्रभर राहिलेलं पाणी टाकीत ओतू नये. पितळी तोट्या टाळाव्या. पण सगळ्यात मोठा धोका कुळागरात असतो. पावसाच्या तोंडावर सुपारीच्या घडांवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. फवारा उंचावर मारला जातो आणि त्याचे थेंब खालीच येतात. पुढे पहिल्या सरींबरोबर झावळ्यांवरून धुऊन आणखी तांबं येतं. पोफळीखाली सावली छान म्हणून तिथे टाकी ठेवायचा मोह होतो, तो आवरावा. जागाच नसेल तर पक्कं छप्पर हवं आणि फवारणीच्या दिवशी वरून ताडपत्री. झाडांसाठी दुकानात मिळणाऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणातही बहुधा तांबं आणि जस्त असतं, तेव्हा ते पाण्यात घालू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर आणि शेवाळावर वापरतात त्या कित्येक औषधांतही तांबं असतं. बाटलीवरचा घटकांचा मजकूर वाचल्याशिवाय काहीही घालू नये.

दुसरं विष कीटकनाशकांचं. क्रेफिश आणि किडे दूरचे नातलग आहेत, म्हणून किड्याला मारणारं औषध यालाही मारतं. भाजीवर मारायची सायपरमेथ्रिनसारखी औषधं, डासांसाठी वस्तीत होणारी धूर फवारणी, कुत्र्याच्या पिसवांची पावडर, सगळं त्यातलंच. धूर फवारणीची गाडी येणार असेल तर टाकी झाकावी आणि हवेचा पंप बाहेरची हवा ओढत असेल तर तेवढा वेळ बंद ठेवावा. वाफ्यातल्या मावा-तुडतुड्यांवर साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा, रोगट पानं खुडावी. कडुनिंबाचं तेलही नैसर्गिक म्हणून निर्धोक समजू नये.

जागा, खाणं, रोग

क्रेफिशला पाण्याची खोली नको, तळाची जागा हवी. एका चौरस मीटरला पाच ते दहा मोठे क्रेफिश पुरे. प्रत्येकाला स्वतःचं बीळ हवं. दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे, जुनी मंगळुरी कौलं, जाळीच्या गुंडाळ्या, यांपैकी काहीही चालतं. मात्र ते क्रेफिशच्या संख्येपेक्षा जास्त असावेत. नुकती कात टाकलेल्याला लपायला जागा नसेल तर पाणी कितीही चांगलं असून तो वाचत नाही. मासे आणि क्रेफिश एकाच टाकीत ठेवू नयेत. रात्री क्रेफिश तळाला झोपलेला मासा पकडतो आणि मऊ क्रेफिशला मासे टोचतात. पाणी एकच फिरवावं, टाक्या वेगळ्या ठेवाव्या. झाडांच्या मुळांपर्यंतही त्याला पोचू देऊ नये. टाकीला घट्ट झाकण हवंच, कारण हवेच्या नळीला धरून तो सहज बाहेर चढतो.

खाद्य संध्याकाळी उशिरा, रात्रीत संपेल एवढंच. सकाळी उरलेलं दिसलं तर काढावं आणि दुसऱ्या दिवशी कमी द्यावं. गाजराचा तुकडा, पाण्यावरची बारीक वनस्पती, वाळलेलं बदामाचं पान हे त्याला आवडतं. बाजारातल्या सुंगटांची (कोळंबीची) कच्ची डोकी आणि सालं मात्र कधीही घालू नयेत. कोळंबीच्या शेतीला गेली तीस वर्षं छळणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू क्रेफिशलाही मारतो आणि तो कच्च्या कोळंबीतून येऊ शकतो. खाडीकाठच्या मानशीतली (बांधाच्या झडपेतली) जिवंत सुंगटंही त्याच कारणासाठी टाकीपासून लांब ठेवावी. द्यायचीच असतील तर सालं नीट उकडून द्यावी.

शेपटीचं मांस कवचाखालून दुधासारखं पांढरट दिसू लागलं आणि जनावर सुस्तावलं तर ते सूक्ष्म परजीवीचं दुखणं असू शकतं. त्यावर औषध नाही. तो लगेच वेगळा करावा, नाहीतर मेल्यावर दुसरे त्याला खाऊन लागण घेतात. कवचावर तपकिरी-काळे, खड्ड्यासारखे डाग जिवाणूंमुळे होतात आणि ते बहुधा घाण तळ व जखमा यांचं लक्षण असतं. तळ साफ करा, गर्दी कमी करा, पुढच्या कातेबरोबर उथळ डाग निघून जातात. नवीन आणलेला क्रेफिश महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा, आणि तिची जाळी, बादली मुख्य टाकीत वापरू नये.

तब्येत ओळखायला एक साधी तपासणी पुरते. पाण्यावर हात नेला की निरोगी क्रेफिश नांग्या उगारतो किंवा शेपटी मारून मागे पळतो. हात पाहूनही जो हलत नाही, किंवा भर दिवसा पाण्याबाहेर चढायला बघतो, त्याच्या टाकीत प्राणवायू आणि अमोनिया त्याच घटकेला तपासावा.

पावसाळा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पावसाच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतोच. उघड्या टाकीत आठवडाभर पाऊस पडला की महिनोन्‌महिने जमवलेली क्षारता वाहून जाते. म्हणून छप्पर आधी, टाकी नंतर. या दिवसांत विहिरीचं पाणीही वर येतं आणि आणखी हलकं होतं, तेव्हा भर घालण्याचं पाणी आधी शिंपल्यांच्या पिंपात दोन-तीन दिवस खेळवून मगच वापरावं. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन उडायला एक दिवस हवा सोडून ठेवावं. एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नये.

वीज जाणं हे पावसाळ्यातलं दुसरं संकट. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि पंप थांबला की गाळातले जिवाणूसुद्धा तो वापरत राहतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असायलाच हवा. टाकीत एक जाळी किंवा पाइप तिरका, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येईल असा ठेवावा. कल्ले ओले असतील तर क्रेफिश काही काळ हवेवर तग धरतो, आणि वर यायला वाट असेल तर वीज येईपर्यंत वाचतो.

चवथीला सगळं घर मूळ गावी जातं तेव्हा चार-पाच दिवस खाद्य दिलं नाही तरी मोठ्या क्रेफिशला काही होत नाही. उलट शेजाऱ्याने मायेने मूठभर खाद्य टाकलं आणि त्याच रात्री वीज गेली तर सकाळपर्यंत टाकी नासते. शेजाऱ्याला किल्ली द्यावी, खाद्याचा डबा देऊ नये. पंप चालू आहे का आणि पाणी उतरलं आहे का, एवढंच बघायला सांगावं.